लिनक्स टाकताना अडलं? आधी कुठे अडलं ते शोधा



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला. म्हणजे सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या आपोआप यायच्या, त्या नेहमीसारख्या येणं बंद झालं. विंडोज ७ च्या बाबतीत हे १४ जानेवारी २०२० लाच झालं होतं. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, किमान ४ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. शाळेच्या संगणक कक्षातले किंवा घरी कापड टाकून ठेवलेले बरेच संगणक या अटींत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण त्यावर चालवायचं काय, असा प्रश्न आहे.

अशा वेळी कोणीतरी सुचवतं, "लिनक्स टाका की, फुकट आहे." सल्ला चांगला आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. आज त्याचे उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट असे अनेक प्रकार मोफत मिळतात. आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' आणि शाळांसाठी 'एज्युबॉस' तयार केलं. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षांपासून मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. म्हणजे हे फक्त इंजिनिअर लोकांचं काम आहे, असं मुळीच नाही.

पण खरी गोष्ट अशी की जुन्या संगणकावर लिनक्स टाकताना पहिल्याच फटक्यात सगळं सुरळीत होईल याची खात्री नसते. कुठे स्क्रीन काळी पडते, कुठे हार्ड डिस्कच दिसत नाही, कुठे सगळं झाल्यावर वाय-फाय चालत नाही. "लिनक्स होत नाही" असं म्हणून आपण संगणकावर पुन्हा कापड टाकतो. आज आपण अशा अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या ते पाहू. उदाहरणासाठी मी 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली आहे, कारण नवख्या माणसाला ती विंडोजसारखी ओळखीची वाटते.

आपल्याला येणारीच पद्धत

चौथीतल्या मुलाला ६१२ भागिले ६ हे उदाहरण दिलं आणि त्याने उत्तर १२ लिहिलं, तर आपण काय करतो? "याला भागाकार येत नाही" असा शेरा मारून थांबत नाही. त्याने केलेली मांडणी बघतो. ६ ने ६ ला भाग गेला, ते बरोबर आहे. नंतर १ खाली घेतला, तेही बरोबर. १ हा ६ पेक्षा लहान असल्यामुळे भागाकारात शून्य लिहायला हवं होतं, ते राहिलं. चूक नेमकी या पायरीवर आहे. मग त्या पायरीचाच सराव घेतो. संपूर्ण भागाकार पुन्हा शिकवत नाही.

डी.एड.ला आपण याला निदान आणि उपचारात्मक अध्यापन म्हणायचो. लिनक्स टाकतानाही हेच करायचं. "होत नाही" हे अडचणीचं नाव नव्हे. "पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, मिंटचं चिन्ह दिसतं, मग स्क्रीन काळी होते" हे निदान आहे. इतकं नीट सांगता आलं की अर्धं काम झालं.

संगणक सुरू होतो तो शाळा उघडते तसा, पायरी-पायरीने. आधी बायॉस किंवा त्याचं नवं रूप यूईएफआय जागं होतं. हे कुलूप काढणाऱ्या शिपाईमामांसारखं. मग ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम येतो आणि आत कोणाला सोडायचं ते ठरवतो. नंतर येतो कर्नल. तो वर्गात शिरून हजेरी घेतो: रॅम आहे का, डिस्क आहे का, ग्राफिक कार्ड कोणतं आहे. सगळे हजर झाले की डेस्कटॉप दिसतो, म्हणजे तास सुरू होतो. आपलं काम कोणत्या पायरीवर थांबलं हे ओळखायचं आहे.

त्यासाठी दोन नियम पाळा. पहिला, एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि दुसऱ्या संगणकावर सगळं पुन्हा चाचपडावं लागतं. दुसरा, प्रत्येक प्रयत्न वहीत लिहा. स्क्रीनवर इंग्रजीत काही संदेश आला तर मोबाइलने त्याचा फोटो काढा. संदेश अनेकदा दोन सेकंदांत निघून जातो, फोटो राहतो.

हात लावण्याआधी

या कामात यंत्र बिघडण्याचा धोका फारसा नाही. खरा धोका माहितीचा आहे. शाळेतल्या एकाच संगणकावर निकालपत्रकं, जनरल रजिस्टरच्या स्कॅन प्रती, पोषण आहाराच्या नोंदी आणि दहा वर्षांचे स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. घरच्या संगणकावर तसंच काहीतरी असतं. चुकीचं एक बटण दाबलं की ते सगळं जातं आणि परत मिळवणं महाग पडतं, कधी कधी अशक्यच होतं. म्हणून पुढच्या गोष्टी आधी करून घ्या.

१. बॅकअप. सर्व फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार-पाच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. कॉपी झाली असं दिसणं आणि फाइल उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२. परवानगी. शाळेचा संगणक डेडस्टॉकला नोंदलेला असतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. वॉरंटी किंवा देखभालीचा करार चालू असेल तर तेही विचारून घ्या.

३. जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडतात. लागणाऱ्या फाइल आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा त्यांची पीडीएफ करून ठेवा.

४. यंत्राची ओळख. विंडोज चालू असेल तर सेटिंगमध्ये 'अबाउट' या पानावर रॅम आणि सिस्टिमचा प्रकार दिसतो. मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, पण ४ जीबी रॅम असेल तर बरं चालतं. तिथे '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. प्रोसेसर ६४-बिट आहे, म्हणजे ६४-बिट लिनक्स चालेल. प्रोसेसरच ३२-बिट असेल तर मिंट २२ चालणार नाही. डेबियन १२ ची ३२-बिट आवृत्ती मिळते, ती बघावी लागेल.

५. बायॉसचा प्रकार. 'सिस्टिम इन्फॉर्मेशन' उघडून 'बायॉस मोड' समोर 'यूईएफआय' आहे की 'लेगसी' ते वहीत लिहा. पुढे याचा उपयोग होतो.

६. बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असू शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर बिटलॉकर बंद करावं लागतं.

७. वीज. लोडशेडिंगची वेळ टाळा. लॅपटॉप चार्जरला लावा. डिस्कचे भाग पाडत असताना वीज गेली तर माहिती गेलीच म्हणून समजा.

पहिला टप्पा: फाइल आणि पेन ड्राइव्ह

मिंटची आयएसओ फाइल साधारण ३ जीबीची आहे. गावाकडच्या नेटवर ती अर्धवट उतरणं अगदी शक्य आहे. फाइल पूर्ण आली की नाही हे तपासायची सोय आहे. संकेतस्थळावर त्या फाइलचा ६४ अक्षरांचा एसएचए२५६ क्रमांक दिलेला असतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधली 'सर्टयुटिल' ही आज्ञा आपल्या फाइलचा असाच क्रमांक काढून देते. दोन्ही तंतोतंत जुळले तर फाइल चांगली. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी फाइल पुन्हा उतरवा.

दुसरी गोष्ट, फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. 'रुफस' किंवा 'एचर' अशा प्रोग्रामने ती लिहावी लागते. लिहिताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. रुफसमध्ये 'पार्टिशन स्कीम' विचारतात. वहीत 'लेगसी' लिहिलं असेल तर एमबीआर आणि 'यूईएफआय' लिहिलं असेल तर जीपीटी निवडा.

सुरू होताना 'स्क्वॉशएफएस एरर' असे शब्द असलेल्या ओळी धडाधड येऊ लागल्या तर संशय आधी फाइलवर आणि पेन ड्राइव्हवर घ्या. क्रमांक तपासा, मग पेन ड्राइव्ह बदला, मग कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा यूएसबी पोर्ट वापरा. एकेक करून.

दुसरा टप्पा: पेन ड्राइव्हवरून सुरू होत नाही

पेन ड्राइव्ह लावला तरी विंडोजच सुरू होतंय? मग संगणकाला कुठून सुरू व्हायचं ते सांगायला हवं. चालू करताच बूट मेनूची की पुन्हा पुन्हा दाबा. बऱ्याच संगणकांत ती एफ-१२ असते, काहींत एफ-९, एफ-८ किंवा एस्केप. विंडोज १० किंवा ११ असेल तर बंद करताना शिफ्ट दाबून ठेवा आणि मग 'शट डाउन' करा, म्हणजे संगणक खरोखर पूर्ण बंद होतो. एरवी 'फास्ट स्टार्टअप'मुळे तो अर्धवट झोपलेला राहतो.

मेनू आला पण त्यात पेन ड्राइव्ह नाही, असं झालं तर बायॉस सेटिंगमध्ये जा. तिथे यूएसबीवरून सुरू करण्याची परवानगी बंद असू शकते. जुन्या यंत्रात पेन ड्राइव्ह यूईएफआयसाठी बनवलेला आणि यंत्र लेगसीचं, असा बेमेळही होतो. पेन ड्राइव्ह दिसतो पण 'सिक्युअर बूट'चा इशारा येऊन थांबतो, तर ती सोय तात्पुरती बंद करून पाहता येते. बिटलॉकर चालू असेल तर मात्र आधी ती ४८ अंकी की हाताशी हवी.

बायॉसमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढा. पूर्ववत करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

तिसरा टप्पा: स्क्रीन काळी पडते

ही सगळ्यात घाबरवणारी अडचण, पण उपाय तसा सोपा. आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर संगणक जिवंत आहे, फक्त चित्र दिसत नाही. दाबूनही दिवा हलला नाही तर संगणक गोठला आहे. दिवा आपला आपण लुकलुकायला लागला तर कर्नलच कोसळला आहे.

पहिल्या प्रकारात बहुधा ग्राफिक कार्डाशी सूर जुळलेला नसतो. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' हा पर्याय असतो, तो निवडा. तो नसेल तर मेनूवर 'स्टार्ट लिनक्स मिंट' ही ओळ निवडून ई हे अक्षर दाबा. काही ओळी दिसतील. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश' हे शब्द शोधा. त्यांच्यापुढे एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी लहान लिपीत, सलग लिहा: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. मग एफ-१० दाबा. याने कर्नलला सांगितलं जातं की ग्राफिक कार्डाची खास सोय तूर्त वापरू नकोस, साधं चित्र दाखव. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे करून बघायला भीती नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात रॅमवर संशय घ्या. मेनूत 'मेमरी टेस्ट' असते, ती तासभर चालू द्या. लाल ओळी आल्या तर वीजजोडणी काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, तिची सोनेरी टोकं स्वच्छ खोडरबराने हलकेच पुसा आणि घट्ट बसवा. वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्या संगणकांत एवढ्यावरही काम भागतं. नाही भागलं तर पट्टी बदलावी लागेल.

डेस्कटॉप दिसला की लगेच 'इन्स्टॉल'वर क्लिक करू नका. या अवस्थेत लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालतंय, हार्ड डिस्कला हात लागलेला नाही. आवाज, वाय-फाय, माउस, प्रिंटर इथेच तपासून घ्या. जे इथे चालतं ते सहसा पुढेही चालतं.

चौथा टप्पा: डिस्क निवडणं

इथे घाई करू नका. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळी डिस्क पुसून फक्त लिनक्स टाकणं. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोज ठेवून शेजारी लिनक्स. 'समथिंग एल्स' म्हणजे भाग आपण स्वतः ठरवणं. कक्षातल्या जुन्या संगणकावर, बॅकअप तपासलेला असेल तर, पहिला पर्याय सोपा आणि स्वच्छ. घरच्या संगणकावर दुसरा. तिसरा जाणकाराबरोबर बसूनच करा. दोन डिस्क असतील तर आकार पाहून ओळखा. ५०० जीबीची आपली आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, असं.

या टप्प्यावर तीन अडचणी नेहमी येतात.

*डिस्क दिसतच नाही.* काही लॅपटॉपमध्ये डिस्कची पद्धत 'रेड' किंवा 'आरएसटी' अशी ठेवलेली असते. लिनक्सला 'एएचसीआय' हवं असतं. फक्त लिनक्स ठेवायचं असेल तर बायॉसमध्ये तसा बदल करा. विंडोजही ठेवायचं असेल तर थांबा, कारण पूर्वतयारी न करता हा बदल केला तर विंडोज सुरू होत नाही.

*रिकामी जागा आहे, पण 'अनयूजेबल' म्हणून दिसते.* जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कवर मुख्य भाग जास्तीत जास्त चारच करता येतात. कंपनीने आधीच चार केलेले असतील तर पाचवा होत नाही. ही डिस्कची खराबी नाही. एखादा नको असलेला भाग त्यातली माहिती काढून मोकळा करावा लागतो.

*'इनपुट-आउटपुट एरर' येते.* डिस्क म्हातारी झालेली असू शकते. 'डिस्क्स' या प्रोग्राममध्ये तिची 'स्मार्ट' तपासणी बघा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर प्रयोग थांबवा आणि आधी माहिती बाहेर काढा. अशा संगणकात लहानशी एसएसडी बसवली तर वेगात पडणारा फरक मुलांनाही जाणवतो.

शेवटी शेवटी इन्स्टॉलेशन 'डाउनलोडिंग' म्हणत रेंगाळत असेल तर कारण बहुधा मंद नेट असतं. मिंट नेटशिवायही पूर्ण बसतं. नेट बंद ठेवून करा आणि बाकीचं नंतर उतरवा.

पाचवा टप्पा: झालं, पण सुरू होत नाही

पेन ड्राइव्ह काढला का, ते आधी बघा. थेट विंडोजच सुरू होत असेल तर बायॉसमधल्या क्रमवारीत लिनक्सला वर आणा. यूईएफआय यंत्रात मिंटची नोंद 'उबुंटू' या नावाने दिसते, कारण मिंट उबुंटूवर आधारलेलं आहे. गोंधळू नका, ते आपलंच आहे. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर वहीतली पाचवी नोंद काढा. यंत्र एका पद्धतीने सुरू होतंय आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीने बसलंय का, ते तपासा. 'ग्रब रेस्क्यू' असा संदेश आला तर पेन ड्राइव्हवरून पुन्हा सुरू करा आणि मेनूतला 'बूट रिपेअर' चालवा.

सुरू झालं, पण...

*वाय-फाय नाही.* अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका.

*संकेतस्थळं उघडत नाहीत, असुरक्षित म्हणतात.* घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. सेल बदला. बायॉसची सेटिंग पुन्हा पुन्हा पुसली जात असेल तर त्यामागेही हाच सेल असतो.

*विंडोजमध्ये घड्याळ ५ तास ३० मिनिटं मागे दाखवतं.* लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की हा प्रश्न मिटतो.

*मराठी टंकलेखन.* कीबोर्ड सेटिंगमध्ये 'मराठी' जोडा, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. उच्चारानुसार टाइप करायची सवय असेल तर 'आयबस' आणि त्यासोबत 'एम१७एन' टाका.

*प्रिंटर.* बरेच प्रिंटर आपोआप ओळखले जातात, पण कार्यालयात दिसणारे काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात. म्हणूनच पेन ड्राइव्हवर असतानाच छापून बघा म्हटलं.

वहीतलं एक पान

आमच्या कक्षातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकाची नोंद अशी आहे:

"प्रयत्न १: पेन ड्राइव्ह, मिंटचं चिन्ह, मग काळी स्क्रीन. कॅप्स लॉकचा दिवा चालतो. प्रयत्न २: कम्पॅटिबिलिटी मोड. डेस्कटॉप आला. आवाज आहे, नेट केबलने आहे. प्रयत्न ३: बॅकअप पाहून डिस्क पुसून इन्स्टॉल. पूर्ण. प्रयत्न ४: पेन ड्राइव्ह काढून सुरू केलं. पुन्हा काळी स्क्रीन. प्रयत्न ५: सुरू होताना शिफ्ट दाबून मेनू आणला, ई, नोमोडसेट, एफ-१०. चालू. प्रयत्न ६: ड्रायव्हर मॅनेजरमधून ग्राफिक ड्रायव्हर. पुन्हा सुरू केलं. ठीक."

सहा ओळी आहेत. शेजारचा चौथ्या क्रमांकाचा संगणक त्याच बनावटीचा होता, त्यामुळे तो एका दुपारीच झाला. (यूईएफआय यंत्रात हा मेनू शिफ्टऐवजी एस्केपने येतो.)

मदत मागायची वेळ आली तरी हेच पान उपयोगी पडतं. जाणकार माणसाला "सर, चालत नाहीये" असा निरोप पाठवला तर तो दहा प्रश्न विचारणार. यंत्राचं मॉडेल, रॅम, लिनक्सची आवृत्ती, कोणत्या पायरीवर थांबलं, काय करून पाहिलं आणि संदेशाचा फोटो एवढं पाठवलं तर उत्तर लवकर मिळतं.

कधी थांबायचं?

डिस्कवर एकमेव प्रत असलेली माहिती असेल, डिस्क आवाज करत असेल, किंवा शाळेचं एखादं काम फक्त विंडोजवरच चालणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असेल, तर तो संगणक तसाच राहू द्या. कार्यालयाचा एक संगणक विंडोजवर आणि मुलांचे लिनक्सवर, अशी विभागणीही चांगली चालते. कक्षातल्या संगणकांवर जीकॉम्प्री, टक्स पेंट, लिब्रेऑफिस, जिओजेब्रा एवढं टाकलं तरी पहिली ते आठवीच्या मुलांना भरपूर आहे.

शक्य असेल तर पाचवीच्या पुढच्या दोन-तीन मुलांना या कामात शेजारी बसवा आणि ती वही त्यांच्याच हाती द्या. काय केलं, काय दिसलं, आता पुढे काय करून पाहायचं, हे त्यांनी लिहावं. विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षण आणि अनुमान शिकवतो, तेच इथे त्यांना प्रत्यक्ष करायला मिळतं. आणि "बिघडलं" म्हणण्याआधी "कुठे बिघडलं?" असं विचारायची सवय त्यांना लागली, तर ती गणिताच्या वहीतही दिसेल.

आपल्या शाळेत प्रयत्न केलात तर कोणत्या टप्प्यावर काय अडलं आणि कसं सुटलं, ते जरूर कळवा. इतर शाळांना त्याचा उपयोग होईल.